नाशिकच्या वायनरींपासून डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत: चार दिवसांच्या गाडीप्रवासाची आखणी

मे महिन्यात द्राक्षं बघायला जाणारे, एकाच दिवसात दिंडोरी आणि इगतपुरी दोन्ही उरकू पाहणारे, वायनरीत वाइन चाखून (टेस्टिंग) झाल्यावर "मला काही चढलेली नाही" म्हणत स्वतःच गाडीत बसणारे, आणि डहाणूला पोचल्यावर समुद्र कितीतरी मागे गेलेला पाहून हिरमुसणारे. या चारही चुका वर्षानुवर्षं होत आहेत आणि चारही घरबसल्या टाळता येतात. खाली दिलेला क्रम मुंबई-ठाण्याहून निघणाऱ्यांसाठी आहे: गुरुवारी सकाळी निघायचं आणि रविवारी परत यायचं. पुण्याहून येणाऱ्यांना काय बदलावं लागेल तेही जागोजागी दिलं आहे.

## १. तारीख ठरवा, आणि ती दोन गोष्टींवरून ठरवा

आधी द्राक्षं. नाशिक भागात द्राक्षवेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळछाटणीनंतर साधारण चार-पाच महिन्यांनी घड काढणीला येतात, म्हणून वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये चालते. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर फार तर कोवळे घड किंवा हिरवे कडक मणी दिसतील. मे महिन्यात नुसती पालवी असते. पावसाळ्यात मळा हिरवागार दिसतो, पण वेलींवर फळ नसतं, घाटात धुकं असतं आणि समुद्रात उतरण्याची सोय नसते. तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा.

मग भरती. हा भाग बहुतेक लोक सोडूनच देतात. डहाणू-बोर्डीचा किनारा अगदी सपाट आहे. ओहोटीला पाणी शेकडो मीटर मागे जातं आणि पुढे उरते ओली, काही ठिकाणी चिखलट वाळू. किनाऱ्यावर दुपारी बाराला पोचायचं की सकाळी आठला, हे ठरवताना तिथी बघावी लागते. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ × ३/४ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा भरती येते, तेव्हा हीच वेळ पहाटे-सकाळी आणि दुपारी-रात्री अशी दोन्हीकडे धरायची. शुद्ध आणि वद्य पक्षात हिशेब तोच. मुंबईपेक्षा डहाणूला भरती थोडी उशिरा येते, म्हणून उत्तरात अर्धा-पाऊण तास मिळवा. हा ढोबळ अंदाज तारीख निवडण्यापुरता आहे. प्रत्यक्ष जाताना भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक बघाच.

आपल्याला रविवारी सकाळी साडेनऊ-साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती हवी, म्हणजे आठपासून पाणी जवळ येताना मिळेल. त्यासाठी रविवारी द्वादशी किंवा त्रयोदशी असली पाहिजे. कालनिर्णय उघडा आणि जानेवारी-फेब्रुवारीत असा रविवार शोधा.

आता एक खाच. असा रविवार वद्य पक्षातला निघाला तर सोडून द्या. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तीनाथांची यात्रा असते. त्याआधीचे काही दिवस नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर पायी दिंड्या असतात, आणि तुम्ही शनिवारी नेमके तिथूनच जाणार असता. माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र, म्हणजे पुन्हा त्र्यंबकला गर्दी. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीनंतर लगेच होळी येते, आणि त्या दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर पोस्त (होळीचे पैसे) मागण्यासाठी गाड्या जागोजागी थांबवल्या जातात. सगळं वजा केलं की मुख्यतः माघ शुद्ध पक्ष उरतो. काढणी जोरात, हवा कोरडी, थंडी सुसह्य.

खात्री करा: गुरुवार-शुक्रवारमध्ये ड्राय डे येत नाही ना? २६ जानेवारी हा ठरलेला ड्राय डे आहे. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही विक्री बंद असते. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकाही यात येतात, हे लक्षात राहत नाही. शिवाय २०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्या काळात रस्त्यांची कामं, वळवलेली वाहतूक आणि वाढलेले खोल्यांचे दर आधी तपासा.

## २. वायनरी नावावरून निवडू नका, दिशेवरून निवडा

नाशिकच्या वायनरी एका रांगेत नाहीत. शहराच्या चहूबाजूंना विखुरलेल्या आहेत, आणि सगळी गल्लत इथेच होते. ढोबळमानाने चार गट पडतात:

- इगतपुरी बाजू: कावनईजवळ व्हॅलोने, सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा. मुंबईहून येताना नाशिकच्या आधी लागतात.
- गंगापूर बाजू: गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क आणि सोमा. एकमेकींपासून जवळ, शहरापासूनही जवळ.
- दिंडोरी बाजू: शहराच्या उत्तरेला. शांदों इथे आहे.
- निफाड बाजू: शहराच्या पूर्वेला. इथे खाण्याच्या द्राक्षांचे मळेही भरपूर आहेत.

चार दिवसांच्या प्रवासात पहिले दोन गट घ्या, बाकीचे सोडा. दिंडोरी किंवा निफाड घेतलंत की शहर ओलांडून जाणं-येणं आलं, आणि टेस्टिंगच्या दिवशी जेवढं कमी फिराल तेवढं बरं. पुण्याहून सिन्नरमार्गे येणाऱ्यांनी इगतपुरी गाळून थेट गंगापूर बाजूला जावं.

एका दिवसात दोन वायनरी पुरे. तिसरीत जीभ काही ओळखत नाही. सलग सहा-सात वाइन चाखल्या की शिराझ आणि कॅबर्ने या दोन लाल वाइनमधला फरक सांगणं सरावलेल्या माणसालाही जड जातं.

प्रत्येक ठिकाणी फोन करून चार गोष्टी विचारा: मळ्याची आणि कारखान्याची फेरी किती वाजता आहे, टेस्टिंगमध्ये किती वाइन आणि प्रत्येकी किती मिली, मुलांना आत सोडतात का, आणि त्या दिवशी काढणी चालू आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका. वाइनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात, कारण उन्हात तापलेलं फळ कारखान्यात पोचेपर्यंत बिघडू लागतं. क्रेट उतरताना आणि घड यंत्रात पडताना बघायचे असतील तर सकाळी लवकर पोचावं लागतं. दुपारच्या फेरीत फक्त स्टीलच्या टाक्या दिसतात.

इशारा: मळ्यातले घड तोडून खाऊ नका. त्यावर फवारणी झालेली असते, आणि वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा असतो. खायला थॉमसनसारखी बिनबियांची द्राक्षं रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडे मिळतात. ती धुऊन खा.

## ३. गाडी कोण चालवणार, हे निघण्याआधी ठरवा

मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण कायदा बाजूला ठेवूनही हिशेब करून बघा.

टेस्टिंगचा घोट साधारण ३० मिलीचा असतो. सहा घोट म्हणजे १८० मिली. त्यावर जेवताना दोन ग्लास, प्रत्येकी १५० मिली. एकूण ४८० मिली. वाइनमध्ये अल्कोहोल १३ टक्के धरलं तर शरीरात सुमारे ४९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेलं. शरीर ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने संपवतं. म्हणजे पाच ते सात तास. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ, यातलं काहीही ही गती वाढवत नाही.

यावरून दोन नियम निघतात. टेस्टिंगच्या दोन्ही दिवशी दारूचा घोटही न गिळणारा एक चालक ठेवा, नाहीतर त्या दिवसांपुरती चालकासह गाडी भाड्याने घ्या. गंगापूर बाजूला मुक्काम असेल तर रिक्षा किंवा कॅबनेही भागतं, मात्र परतीची गाडी आधीच सांगून ठेवा. आणि शुक्रवारी रात्री नऊनंतर कोणीही पिऊ नका. शनिवारी सकाळी सातला घाटाकडे निघायचं आहे. मध्यरात्रीपर्यंत बसलेला माणूस सकाळी ताजातवाना दिसला तरी त्याच्या रक्तातलं अल्कोहोल संपलेलं असेलच असं नाही.

चालकालाही चव घ्यायची असेल तर टेबलावरचं थुंकण्याचं भांडं त्यासाठीच असतं. घोट तोंडात घोळवायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि थुंकायचा. आपल्याकडे लोकांना याचा संकोच वाटतो, पण जगभरातले व्यावसायिक चाखणारे हेच करतात. तरीही थोडं अल्कोहोल तोंडातून शोषलं जातंच, म्हणून चालकाने दोन-तीन घोटांवर थांबावं.

खात्री करा: प्रत्येकाजवळ वयाचा पुरावा असलेलं मूळ ओळखपत्र आहे ना? तरुण मंडळींना टेस्टिंगच्या काउंटरवर ते मागतात.

## ४. गाडी आणि सामान

गाडीचं नेहमीचं सर्व्हिसिंग झालेलं असेल हे गृहीत धरून फक्त या प्रवासाला लागणारं:

- ब्रेक पॅड तपासून घ्या. नाशिकहून किनाऱ्याकडचा रस्ता एकूण उताराचा आहे.
- स्टेपनीत हवा आहे का ते बघा. मोखाडा-जव्हार पट्ट्यात पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर असेल असं नाही.
- फास्टॅगमध्ये शिल्लक, पीयूसी आणि विमा.
- झाकणाचा थर्मोकोलचा खोका आणि फ्रीजरमध्ये गोठवलेले तीन-चार जेल पॅक, वाइनच्या बाटल्यांसाठी.
- दोन मोठे पंचे, जुन्या चपला, आणि पाय धुवायला पाच लिटरचा पाण्याचा कॅन.
- नाशिक ते डहाणू या टप्प्याचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. घाटात नेटवर्क जातं-येतं.
- थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत.

## ५. गुरुवार आणि शुक्रवार: वायनरी

गुरुवार. सकाळी सहाच्या आत ठाणे सोडा. जुन्या महामार्गाने कसारा घाट चढून किंवा भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्गाने इगतपुरीला या. समृद्धीने घाटाचा वेळ वाचतो, पण टोल जास्त पडतो. इगतपुरीत पोटभर नाश्ता करा. रिकाम्या पोटी टेस्टिंग करणं ही सर्रास होणारी चूक आहे. अल्कोहोल भरभर रक्तात जातं आणि दुपारचं जेवण येईपर्यंत डोकं दुखायला लागतं. अकराच्या सुमारास इगतपुरी बाजूची एकच वायनरी, तिथेच जेवण, आणि चारपर्यंत नाशिकला मुक्कामी. संध्याकाळी विश्रांती.

शुक्रवार. सकाळी गंगापूर बाजूची पहिली वायनरी, काढणी बघायची असेल तर आधी सांगून ठेवलेल्या वेळेला. दुसरी दुपारी चारनंतर. मधले तीन-चार तास मुक्कामी येऊन जेवा आणि झोपा. शनिवार-रविवारी याच वायनरींत टेबल मिळायला वाट बघावी लागते आणि माहिती सांगणाऱ्याला तुमच्यासाठी पाच मिनिटंही नसतात. गुरुवारी निघण्याचा सगळा खटाटोप यासाठीच आहे.

चाखण्याचा क्रम हलक्याकडून जडाकडे असतो: आधी बुडबुड्यांची स्पार्कलिंग, मग शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या, मग गुलाबी रोझे, नंतर शिराझ किंवा कॅबर्ने, शेवटी गोड. उलट गेलात तर लाल वाइनचा तुरटपणा जिभेवर बसतो आणि पांढरी पाण्यासारखी लागते. प्रत्येक घोटानंतर दोन घोट पाणी. सोबत मसालेदार चकली किंवा मिसळ नको, साधा ब्रेड किंवा चीज ठीक. अत्तर, तीव्र वासाचा डिओ लावून जाऊ नका, शेजारच्याच्याही ग्लासातला वास त्याने मारला जातो.

बाटल्या शुक्रवारी संध्याकाळीच घ्या, गुरुवारी नको. गाडीच्या डिकीत जितके कमी तास राहतील तितकं चांगलं. फेब्रुवारीच्या उन्हात बंद गाडी आतून चांगलीच तापते. वाइन तापली की प्रसरण पावते, बूच एक-दोन मिलिमीटर वर सरकतं आणि कडेने चिकट ओघळ येतो. असं बूच दिसलं की ती बाटली आधी संपवा, ठेवून देण्याजोगी ती राहिलेली नसते. बिल जपून ठेवा, रस्त्यात तपासणी झाली तर लागतं.

## ६. शनिवार: घाटातून किनाऱ्याकडे

नाशिक – त्र्यंबकेश्वर – मोखाडा – जव्हार – कासा – चारोटी – डहाणू. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण थांबे सोडून साडेचार तास धरा. वळणं खूप आहेत आणि सरासरी वेग पस्तीसच्या वर जात नाही.

मोठा इशारा: डहाणू टाकल्यावर फोनवरचा नकाशा कधी पेठ–कपराडा–वापी असा रस्ता सुचवू शकतो. तो गुजरातेतून जातो. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि तुमच्या डिकीत वाइन आहे. महाराष्ट्रातलं बिल तिथे कामाला येत नाही. म्हणून नकाशात थेट "डहाणू" टाकू नका. आधी "जव्हार", तिथे पोचल्यावर "चारोटी", मग "डहाणू". बोर्डीला राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: बोर्डीच्या पुढे थोड्याच अंतरावर राज्याची हद्द संपते आणि उमरगाव लागतं. "दमण जवळच आहे, चक्कर मारून येऊ" हा बेत बाटल्या गाडीत असताना करू नका.

सात वाजता निघा, नाशिकातच टाकी भरा. त्र्यंबकला दर्शन घ्यायचं असेल तर ते शुक्रवारी दुपारच्या मोकळ्या वेळेत नको आणि आज तर नकोच. शनिवारच्या रांगेत किती तास जातील याचा भरवसा नसतो. देवदर्शनाला स्वतंत्र दिवस द्या.

त्र्यंबकच्या पुढे तोरंगण घाट लागतो. उतरताना गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि इंजिनालाच वेग धरू द्या. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. असा वास आलाच तर रुंद जागा बघून पंधरा-वीस मिनिटं थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क अचानक गार झाली की वाकते.

जव्हारला अकरापर्यंत पोचाल. इथे दोन-तीन तास काढता येतात: मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा, शिरपामाळ, हनुमान पॉइंट. दाभोसा धबधब्याला फेब्रुवारीत पाणी फार कमी असतं, त्यासाठी वेळ घालवू नका. जेवण जव्हारलाच करा, पुढे कासापर्यंत निवड कमी.

चारोटीहून डहाणूकडे जाताना गंजाड लागतं. वारली चित्रकलेला जगभर पोचवणारे पद्मश्री जिव्या सोमा मशे याच गावचे. चित्र विकत घ्यायचं असेल तर महामार्गावरच्या दुकानांपेक्षा या भागातल्या चित्रकारांकडून थेट घ्या. खरं काम ओळखायला जवळून बघा: बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग लावला असेल तर रेषेची जाडी जागोजागी बदलते. छापील रेषा सगळीकडे सारखी असते.

खात्री करा: सूर्य मावळण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीत साधारण साडेसहाच्या आत, मुक्कामी पोचता येईल ना? जव्हारहून तीनच्या पुढे निघू नका.

## ७. रविवार सकाळ: समुद्र

मुक्काम डहाणू, नरपड, चिखले, घोलवड किंवा बोर्डी, कुठेही चालेल. गर्दी नको असेल तर जितकं उत्तरेला जाल तितकं बरं. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. आयत्या वेळी मासळी मागितली तर मिळेलच असं नाही. बोर्डीत चिकू महोत्सव भरतो त्या शनिवार-रविवारी खोल्या लवकर संपतात, तारखा आधी बघा.

पाण्यात जायचं ते भरती येत असताना, पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन तासांत. पाणी मागे फिरायला लागलं की बाहेर या. ओहोटीचं पाणी पायाखालची वाळू ओढतं आणि सपाट किनाऱ्यावर आपण किती आत गेलो हे कळत नाही.

इशारा: गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू वरून डांबरासारखी टणक दिसते, पण चाक एकदा फिरलं की खाली भुसभुशीत लागते. एक्सलेटर दाबाल तितकी गाडी रुतते, आणि भरतीचं पाणी सपाट किनाऱ्यावर भराभर पुढे येतं. सुरूच्या बनाअलीकडे गाडी लावा आणि चालत जा.

आंघोळ-नाश्ता उरकून अकरापर्यंत घोलवड-बोर्डीच्या चिकूवाडीत चक्कर मारा. इथल्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, आणि बोर्डी भागात चिकूपासून वाइनही बनते. द्राक्षाच्या वाइनला सरावलेल्या जिभेला ती गोडसर आणि हलकी लागेल. चालकाने आज फक्त बाटली घ्यायची, चाखायची घरी. चिकू घेताना कडक घ्या. पिकलेले घेतलेत तर मुंबईपर्यंत पिशवीत लगदा होतो. कडक फळ घरी कागदात गुंडाळून ठेवलं की तीन-चार दिवसांत पिकतं.

## ८. परतीची वेळ

डहाणूहून चारोटी, तिथून महामार्ग ४८ ने मनोर, वसई, घोडबंदर. मोकळ्या रस्त्याला तीन-साडेतीन तास. रविवारी चारनंतर वसई ते घोडबंदर या पट्ट्यात तेवढाच वेळ आणखी जाऊ शकतो. त्यामुळे बारापर्यंत निघा, जेवण मनोरजवळ. ते जमणार नसेल तर रात्री नऊनंतर निघण्याऐवजी सरळ सोमवारी पहाटे पाचला निघा. पुण्याला जाणाऱ्यांनी रविवारी परतायचा हट्टच धरू नये. एक रात्र जास्त ठेवा.

चैत्र पौर्णिमेपासून चारोटीजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी तेवढे पंधरा दिवस हा नाका टाळावा.

घरी पोचल्यावर बाटल्या त्याच रात्री उघडू नका. प्रवासात हिंदकळलेली वाइन काही दिवस चवीला बंद-बंद लागते. बुचाच्या बाटल्या आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या, स्वयंपाकघरापासून दूर अंधाऱ्या कपाटात आठवडाभर राहू द्या. आणि खोक्यातले जेल पॅक काढून धुऊन ठेवा.